गुलाबी रंगाचे चौदा दिवस

ऐन शीह,
रविवार, ८ नोव्हेंबर १९९८

बिस्मिल्लाह.

मुफीदा, तुला सलाम.

पत्र तू पुरतं वाचशील की नाही ठाऊक नाही, म्हणून कामाचं आधी लिहिते. तुझा अनीस कसा आहे? जेवतो का पोटभर? त्याला दुपारच्या उजेडात खिडकीशी उभा कर आणि डोळ्यांचा पांढरा भाग नीट बघ. लघवीचा रंगही बघ. घाबरण्यासारखं काही नाही. इकडे शाळेतल्या मुलांत थोडी कावीळ निघाली आहे, म्हणून विचारलं.

आईंच्या मयताचा चाळिसावा दिवस सोमवारी झाला. तुझी वाट पाहिली. तुझ्या भावाने दाराजवळची खुर्ची मगरीबच्या नमाजापर्यंत कुणाला हलवू दिली नाही. मला म्हणाले, "स्फाक्सची गाडी उशिरा येते कधी कधी." त्यांना माहीत नाही की तू माझ्यावर रागावून गेलीस. त्यांना वाटतं आईविना घर नकोसं झालंय तुला.

जाताना तू माझ्या हातची भाकरी घेतली नाहीस. गाडी निघून गेली तरी भाकरीचं फडकं माझ्या हातात होतं. पाण्याचा कॅन तेवढा घेतलास, गावचं पाणी म्हणून. मी स्वतः भरून दिला होता. तेव्हा वाटलं, चला, निदान पाणी तरी नाकारलं नाही. तो कॅन संपला का? उरला असेल तर झाडांना घाल. साठवलेलं पाणी फार दिवस पिऊ नये.

सात मुलं आजारी आहेत. पहिली धाऊकाकांची नात, रीम. तुला आठवेल, आईंच्या मातमात खजूर वाटत फिरत होती ती, नऊ वर्षांची, पुढचे दोन दात मोठे. काका अजून तसेच, पहाटे पंप सुरू करतात, पाणी टाकीत चढलं की बाटली भरून माझ्या दाराशी येतात. मी काचेच्या नळीत पाणी घेते, गोळी टाकते, पाणी गुलाबी झालं की वहीत लिहिते. गुलाबी म्हणजे पाण्यात जावेलचं औषध आहे, जंतू मेले. सहा वर्षांत खंड नाही. काकांना अक्षरओळख नाही आणि गावातल्या बायकांत मॅट्रिक झालेली मी एकटी, म्हणून पाणी समितीने वही माझ्याकडे दिली हे तू जाणतेसच.

पत्राच्या मागच्या बाजूलाही लिहिलं आहे, पान उलट. कोरा कागद टाकवत नाही मला.

अनीसबद्दल मात्र लगेच कळव. बाकी काही नाही लिहिलंस तरी चालेल.

तुझी वहिनी,
अलजिया

*

ऐन शीह,
शुक्रवार, १३ नोव्हेंबर

मुफीदा,

तुझं उत्तर नाही. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

काल मेदनीनहून डॉक्टरीणबाई आल्या होत्या. आता अकरा मुलं झाली. बाई तरुण आहेत, पण कामाला कडक. आधी विहीर बघितली, मग टाकी, मग आमच्या घरी येऊन वही मागितली. ओटा पुसून मी वही पुढे ठेवली. सहा वर्षांची पानं त्यांनी बोटाने चाळली. एकही दिवस कोरा नाही. म्हणाल्या, "अशी वही मी कुठल्याच गावात पाहिली नाही. इतर गावांना दाखवायला नेऊ का दोन दिवस?" तुझा भाऊ शेजारीच उभा होता. समितीचा अध्यक्ष म्हणून नाही, नवरा म्हणून त्यांचा चेहरा फुलला. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं पाहिल्याचं आठवत नाही.

बाई निघून गेल्यावर समितीची बैठक झाली. हिशेब सरळ होता म्हणे. वही सांगते जावेल रोज पडत होतं. मग मुलं आजारी का? म्हणजे टाकीचं झाकण उघडं राहिलं असणार, कबुतरं शिरली असणार. झाकणाचं काम कुणाचं? धाऊकाकांचं. काका शेवटच्या बाकावर बसून होते. तुझ्या भावाने तीनदा विचारलं, "धाऊ, काही बोलायचंय का?" ते नाही म्हणाले. चोवीस वर्षं ज्यांच्या कमरेला पंपाची किल्ली होती त्यांनी ती काढून टेबलावर ठेवली आणि घरी गेले. नवा माणूस दोन आठवड्यांनी ठरेल. तोवर सलेमचा मुलगा पंप बघतोय, त्याला एवढंच कळतं की लाल बटण दाबलं की थांबतं.

गावाला आता चघळायला विषय मिळाला. दुकानात एकजण म्हणाला, "धाऊने पोरांना केशर पाजलं, तेही फुकट." सगळे हसले. मी साखर घ्यायला गेले होते, न घेता परत आले.

तुला हे का सांगते? तुला काय पडलंय. तू शहरात नळ सोडतेस आणि पाणी येतं. तुला आठवतंय का, आईंच्या मयताचा तो पहिला दिवस? आमच्या घरात चूल बंद, म्हणून शेजारून चहा आला होता. तीन वर्षं पाऊस नव्हता, अंगणातलं पावसाच्या पाण्याचं टाकं कोरडं, तेव्हा चहा नळाच्याच पाण्याचा असणार. चाळीस बायका बसलेल्या. तू ग्लास नाकाशी नेलास, जावेलचा वास आला आणि खाली ठेवलास. म्हणालीस, "माझ्या आईला रडायला आलेल्यांना तुम्ही कपडे धुवायचं पाणी पाजताय?" मोठ्याने नाही बोललीस, पण चाळीस बायका गप्प असताना हळू बोललेलंही ऐकू जातं. एकेकीने ग्लास खाली ठेवला. त्या घराची सून मी होते.

मी तुला उलटून बोलले ते खरं आहे. शहरात राहून नाक लांब झालंय म्हणाले. आईंचा देह उठून चार तास झाले नव्हते, अशा वेळी बोलायला नको होतं. त्याची माफी मागते. पण सुरुवात तू केलीस.

मागच्या वाफ्यातला पुदिना पांढरा पडून वाळला. थंडीने असेल.

अलजिया

*

ऐन शीह,
गुरुवार, १९ नोव्हेंबर

मुफीदा,

मागच्या पत्रात पुदिना थंडीने वाळला असेल असं लिहिलं. पुदिना थंडीने वाळत नाही हे तुलाही माहीत आहे. पण ते पुढे सांगेन. आधी दुसरं.

तू ग्लास खाली ठेवलास त्याच संध्याकाळी मी धाऊकाकांना अंगणात गाठलं. टाकीवर जावेलचा पिंप आहे, त्याला बारीक नळी, तिच्यातून थेंब थेंब पाण्यात पडतं. मी म्हटलं, काका, मातमाचे तीन दिवस ती नळी बंद ठेवा. लोकांना चहा गोड लागू दे. आईंच्या नावाला बोल नको. काका एवढंच म्हणाले, "समितीला चालेल?" मी म्हटलं, हो. समितीला मी विचारलं नव्हतं. तुझा भाऊ तेव्हा कबरीवरून नुकताच आला होता, त्यांना काय विचारणार.

तीन दिवसांचा प्रश्न होता. विहीर साठ मीटर खोल, पाणी स्वच्छ, आकाशात ढग नाही. तीन दिवसांत काय होतंय, असं वाटलं. आणि मयताच्या घराने मागितलेलं कुणी नाही म्हणत नाही आपल्याकडे. ती शेजारणीची परात असो, गाढव असो, की पाण्यातला थेंब असो.

दुसऱ्या दिवशीचा चहा तू प्यायलीस. बोलली नाहीस माझ्याशी, पण दोन ग्लास प्यायलीस. मी मोजले.

डॉक्टरीणबाईंनी जाताना एक गोष्ट सांगितली, ती माझ्या डोक्यातून जात नाही. ही कावीळ पाण्यातून पोटात गेली की लगेच दिसत नाही. महिनाभर आत बसते. पंधरा दिवसही लागतात, दीड महिनाही लागतो, पण बहुतेकदा चार आठवडे. म्हणाल्या, "आज पिवळा झालेला मुलगा महिन्यापूर्वीचं पाणी दाखवतोय." समितीतल्या लोकांनी माना डोलावल्या आणि विसरून गेले. मी घरी येऊन आजारी मुलांची नावं लिहिली, प्रत्येकाच्या नावापुढे डोळे पिवळे झाल्याचा दिवस, आणि त्यातून अठ्ठावीस दिवस वजा केले. रीम, ३१ ऑक्टोबर. वजा अठ्ठावीस, ३ ऑक्टोबर. पुढचा मुलगा, ४ ऑक्टोबर. मग ६. मग पुन्हा ३.

३ ऑक्टोबर म्हणजे तो शनिवार. वादीच्या कोरड्या पात्राला पूर आला, रस्ता तुटला आणि तुला दोन दिवस जास्त राहावं लागलं तोच. तीन वर्षांनी पाणी पाहून बायकांनी ललकाऱ्या दिल्या, आणि तू आईंच्या पलंगावर बसून रडलीस की तिला पाऊस बघायला मिळाला नाही. विहिरीच्या तोंडाभोवती गुडघाभर गढूळ पाणी होतं. वरच्या वस्तीचे संडास त्याच उतारावर आहेत.

तू म्हणशील, पण मातम तर सत्तावीस सप्टेंबरला संपला. नळी तेव्हाच सुरू झाली असणार.

मला झोप येतेय, इथेच थांबते. अनीसचं कळव.

अलजिया

*

ऐन शीह,
मंगळवार, २४ नोव्हेंबर

मुफीदा,

झोप येत नव्हती. मी खोटं लिहिलं. तुला लिहिताना खोटं लिहायची काही गरज नव्हती, पण हाताला सवय लागली असेल.

नळी तीन दिवसांनी सुरू झाली नाही. चौथ्या दिवशीही लोक येत होते. मेदनीनचे, बेन गरदानचे, तुझ्या मावशीकडचे. प्रत्येकजण म्हणायचा, यंदा ऐन शीहचं पाणी काय गोड लागतंय, आईची पुण्याई. सलेमची आई माझा हात धरून म्हणाली, "सून असावी तर अशी." मला एकवीस वर्षं हे कुणी म्हटलं नव्हतं. पाचव्या दिवशी काकांनी विचारलं, नळी सोडू? मी म्हटलं, पाहुणे जाऊ देत. सातव्या दिवशी विचारलं. मी तेच म्हटलं. मग त्यांनी विचारायचं सोडलं. पूर आला त्या दिवशी मला आठवण झाली, अल्लाची शपथ, झाली. पण घरात बावीस माणसं, तू, तुझा अनीस, ओले कपडे, आणि चहाची किटली. पंधराव्या दिवशी शेवटचा पाहुणा गेला. नऊ ऑक्टोबरला पहाटे मी नळी सोडायला सांगितली.

चौदा दिवस. काका रोज बाटली घेऊन येत. मी रोज गोळी टाकत असे. पाणी पांढरंच राही. आणि मी वहीत लिहीत असे, गुलाबी. पहिल्या दिवशी लिहिताना हात अडखळला. पुढे अडखळला नाही. कोरं ठेवलं तर समिती विचारेल, पांढरं लिहिलं तर अधिकारी विचारतील, आणि तीनच दिवस आहेत, चारच दिवस आहेत, असं मनाला सांगत राहिले. पाचही नमाज वेळेवर पढत होते. सलाम फेरताना उजवीकडे आणि डावीकडे मान वळते ना, दोन्ही खांद्यांवर लिहिणारे बसलेले असतात, त्यांच्याकडे. त्यांच्या वहीत त्या दिवशी काय पडलं असेल ते मला तेव्हाही माहीत होतं.

पुदिन्याचं आता सांगते. आठवड्याला जावेलचा एक कॅन संपतो. चौदा दिवस वापरलं नाही म्हणजे कोठीत दोन कॅन जास्त. डॉक्टरीणबाई येणार असं कळलं त्या दुपारी मी कोठी मोजली आणि वहीशी ताळा लागेना. तुला माहीत आहे, मी शिळी भाकरीसुद्धा टाकत नाही, शेवयांचं पाणी झाडाला घालते. असं असूनही मी जास्तीचे दोन कॅन घराच्या मागे नेले आणि वाफ्याच्या कडेला ओतून दिले. सगळा वास अंगाला लागला. पुदिना दोन दिवसांत पांढरा झाला. ताळा लागला. त्या ताळ्यावर काकांची किल्ली गेली.

रीमला शनिवारी मेदनीनच्या हॉस्पिटलात नेलं. उलट्या थांबत नाहीत, ती धड ओळखत नाही कुणाला. बाकीची मुलं सुधारताहेत, तिचंच उलटं चाललंय.

रविवारी मी काकांच्या घरी गेले. काकू दारात होत्या. "या, लेखणीवाल्या बाई," म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. काका अंगणात चादर पसरून ऑलिव्ह निवडत होते, हिरवे एकीकडे, काळे एकीकडे. मी समोर बसून निवडायला लागले.

मग मी म्हटलं, "काका, समितीपुढे तुम्ही का बोलला नाहीत?"

"काय बोलायचं?"

"की नळी मी बंद करायला लावली."

"मयताच्या घरानं मागितलं, मी दिलं. दिलेलं चावडीवर मोजायचं असतं का?"

"ते तीन दिवसांचं होतं. पुढच्या अकरा दिवसांचं काय?"

त्यांनी एक नासका ऑलिव्ह वेगळा ठेवला. म्हणाले, "पोरी, मी रोज बाटली आणत होतो, तू रोज लिहीत होतीस. मी कधी तुझ्या काचेच्या नळीकडं बघितलं नाही, मला काय कळतंय त्यातलं. मला वाटलं, जावेल नसलं तरी पाणी ठीक असेल. नसतं तर वहीनं सांगितलं असतं."

मुफीदा, त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर बरं झालं असतं. ते तसं म्हणाले नाहीत.

डॉक्टरीणबाईंना अजून वाटतं की दोष झाकणाचा. समिती नवं झाकण बसवतेय. विहिरीच्या तोंडाभोवती पुराने केलेली भेग कुणी बघितलेली नाही, कारण वही म्हणते त्या दिवसांत पाणी चांगलं होतं. पुन्हा पूर आला की पुन्हा तेच. शुक्रवारी नमाजानंतर शाळेत बैठक आहे, किल्ली नव्या माणसाला देणार आहेत. त्याआधी मला बोललं पाहिजे. तुझ्या भावासमोर बोललं पाहिजे, आणि ते अध्यक्षाच्या खुर्चीत असणार. मला जमेल की नाही ठाऊक नाही. आज दोनदा त्यांच्यासमोर तोंड उघडलं आणि मीठ कमी आहे का विचारलं.

अनीस इथे त्या बारा दिवसांतच होता, नंतर नाही. तो आजारी पडला असेल तर त्याच दिवसांतलं पाणी वाईट होतं हे ठरतं, आणि झाकणाची गोष्ट तिथेच संपते. मला त्याचा दिवस हवाय. तो आजारी पडलेला नसावा अशी दुआ मी रोज मागते आणि वर तुझ्याकडे त्याचा दिवसही मागते. मी कशी बाई आहे ते तूच ठरव.

कॅन तू झाडांना घातलास ना?

अलजिया

*

ऐन शीह,
शनिवार, २८ नोव्हेंबर

मुफीदा,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. तीन ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की आता कागद न बघता लिहू शकते. "अनीसचे डोळे २९ ऑक्टोबरला पिवळे झाले. आता बरा आहे, शाळेत जातो. कॅनचं पाणी मी फक्त त्यालाच देत होते, आजीच्या गावचं म्हणून."

'बरा आहे', या दोन शब्दांवर मी शुकराण्याचे दोन रकात पढले. मग तिसऱ्या ओळीवर आले.

काल मी बैठकीला गेले. बायका जात नाहीत, तू जाणतेस. शाळेच्या दारात उभी राहिले, वही छातीशी धरून. मास्तरांना वाटलं मी वही द्यायला आले, ते हात पुढे करून उठले. मी दिली नाही. किल्ली टेबलावर होती. काका मागच्या बाकावर, त्यांना नव्या माणसाला पंप समजावून द्यायला बोलावलं होतं.

मी सगळं पाठ करून गेले होते, त्यातलं काही आठवलं नाही. एवढंच बोलले, "पंचवीस सप्टेंबर ते आठ ऑक्टोबर, चौदा दिवस, पाण्यात जावेल नव्हतं. नळी मी बंद करवली, समितीचं नाव सांगून. वहीत गुलाबी मी लिहिलं. ते खोटं आहे." मग मुलांच्या नावांचा कागद वाचला, दिवस आणि वजा केलेले दिवस. शेवटी अनीसचं नाव वाचलं, स्फाक्स, २९ ऑक्टोबर.

कुणी ओरडलं नाही. ज्याची तीन मुलं आजारी आहेत तो सलेम उठला आणि म्हणाला, "अलजिया, घरी जा. आज तुझ्याकडे बघवत नाही." एवढंच. कुणीतरी हळूच म्हणालं की शिकवून हेच होतं बायकांचं. मास्तरांनी त्याला गप्प केलं.

तुझ्या भावाने मला बैठकीत काही विचारलं नाही. घरी आल्यावर जोडे काढता काढता विचारलं, "माझ्या आईच्या नावाने केलंस हे?"

मी हो म्हटलं.

"तिला विचारलं होतंस?"

मला वाटलं दुःखाने भ्रमले की काय. पण ते शुद्धीवर होते. म्हणाले, नळ यायच्या आधी, जुन्या विहिरीच्या पाण्यापायी तिने माझ्या पाठची दोन भावंडं पुरली. तुला सांगितलं नसेल तिने, ती बोलत नसे. पण नळाला जावेलचा वास आला की ग्लास हातात धरून म्हणायची, आज पाणी धुतलेलं आहे, प्या रे.

मला आठवलं, मुफीदा. ग्लास हातात घेऊन त्या हसायच्या ते आठवलं. मला वाटायचं त्यांना वास येत नाही.

ते आता पुढच्या खोलीत झोपतात. जेवण घेतात, ताट परत ठेवतात. बोलत नाहीत. मी त्यांना दोष देत नाही.

आज सकाळी डॉक्टरीणबाई परत आल्या. वही त्यांनी पुन्हा मागितली आणि यावेळी काही म्हणाल्या नाहीत. चौदा रकान्यांवर लाल रेघ मारली. विहिरीच्या तोंडाची भेग शोधून काढली, सिमेंटचा ओटा बांधायला सांगितला. झाकणाचं नाव कुणी काढलंच नाही पुन्हा.

रीम अजून हॉस्पिटलात आहे. डोळे उघडते म्हणे.

अलजिया

*

ऐन शीह,
शुक्रवार, १८ डिसेंबर

मुफीदा,

परवा रमजान. तुला, तुझ्या घराला मुबारक.

रीम मंगळवारी घरी आली. काडीसारखी झाली आहे, चालताना भिंतीला हात लावते. पण गाडीतून उतरताच म्हणाली की हॉस्पिटलातली भाकरी साबणासारखी लागते. तिची आजी तिथेच रस्त्यात बसून रडली. मी लांबून बघितलं. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि ते ठीकच होतं.

तू लिहितेस, "चूक निम्मी माझी, चहा मी हुंगला." तसं लिहू नकोस. तुला वास आला, तू बोललीस. मयताच्या घरी कुणीही काहीही बोलतं. नळी तू बंद केली नाहीस, वही तुझ्याकडे नव्हती. मागच्या एका पत्रात मी सुरुवात तू केलीस असं लिहिलं होतं, ते पान फाडून टाक. मी या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांची होतीस, मी तुझी वेणी घालत असे. माझं ओझं तुझ्या डोक्यावर द्यायचं असतं का?

किल्ली काकांना परत मिळाली. त्यांनी लगेच घेतली नाही, दोन दिवस ती टेबलावरच होती. समितीने वही मास्तरांकडे दिली. मला तेच योग्य वाटलं, दिलासा मिळाला म्हण. पण तिसऱ्या दिवशी पहाटे दार वाजलं. काका, हातात बाटली. मी म्हटलं, काका, आता मास्तरांकडे न्यायची. ते म्हणाले, "मास्तर आठला येतो. पाणी पाचला सुटतं. तोवर पोरं पितील त्याचं काय?" मग मास्तरांना निरोप गेला, बोलणी झाली, तुझ्या भावाने मान हलवली, आणि वही माझ्याकडे आली. त्यांनी स्वतः आणून दिली. ओट्यावर ठेवली आणि दुकानात गेले. वहीवर त्यांनी पेन्सिल ठेवली होती, टोक काढून.

आता प्रत्येक पानावर एक रकाना जास्त आहे. मी पट्टीने आखला. त्यात काकांचा अंगठा उमटतो. डॉक्टरीणबाईंनी त्यांना रंगाचा तक्ता दिला आहे, तो दोरीने गळ्यात घालतात. सलेम म्हणतो धाऊला बिल्ला मिळाला. काका त्याच्याकडे लक्ष देत नाहीत.

आज सकाळीही आले. थंडी फार, बाटलीवर बोटांचे ओले ठसे. मी नळीत पाणी घेतलं, गोळी टाकली, हलवली. रंग चढला, मला लगेच दिसला. पेन्सिल वहीला टेकवली तर म्हणाले, "थांब."

त्यांनी नळी माझ्या हातातून घेतली. दाराबाहेर उजेडात गेले. गळ्यातला तक्ता शेजारी धरला, एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला. आधीच्या सहा वर्षांत त्यांनी कधी बघितलं नव्हतं. मी पेन्सिल उचलून उभी राहिले.

आता रोज असंच चालतं. त्यांचं बघून होईपर्यंत मी लिहीत नाही.

अनीसला घेऊन ये. पाणी इथून न्यायचं झालं तर भरायच्या आधी तूही बघ.

तुझी वहिनी,
अलजिया